तुझ्या नावाचं फुलपात्र

रत्नागिरी, ५ ऑगस्ट

शमिका,

मागच्या वेळी पाकिटावरच 'प्रिय' लिहिलं तर तू ते न फोडता परत पाठवलंस. म्हणून आज नुसतं नाव. फोनवर तू मला कायमचं बंद करून टाकलंयस, तेव्हा पोस्टमनशिवाय मला कोणी वाली नाही. फेकायचं असेल तर फेक, पण पुढची एक ओळ वाचून फेक.

मॅडमचा उजवा हात थरथरतो.

मॅडम म्हणजे तुझी आई. हो, मी तुमच्या क्लिनिकमध्ये आहे. जूनपासून. लगेच डोक्यात राख घालू नकोस, ते माझं काम आहे.

अलोऱ्याला घरी किती दिवस बसणार होतो? कॉलनीतली निम्मी क्वार्टर्स रिकामी, संध्याकाळी बोलायला कुत्रं नाही, आणि घरात बाबांनी बोलणं टाकलेलं. डेंटल कॉलेज अर्धं सोडून आलेल्या पोराशी बाप काय बोलणार? एक दिवस एसटीत बसलो, रत्नागिरीला उतरलो आणि तुमच्या पाटीखाली उभा राहिलो. मदतनीस हवा आहे असा कागद लावलेला होता. कमळाताईंचे गुडघे गेले म्हणून त्या काम सोडून गेल्या, तो कागद. मी आत गेलो. खोटं काही बोललो नाही. नाव सांगितलं, तिसऱ्या वर्षाला सोडलं तेही सांगितलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "हात धुऊन ये."

सकाळी त्यांचा हात बरा असतो. दुपारनंतर साधा आरसा दाताला लागून खणखणतो. पेशंटना वाटतं बाई आता म्हाताऱ्या झाल्या. त्यांनी मला शपथ घातली आहे की तुला कळवायचं नाही. शपथ मी मोडली. कोणीतरी मोडायलाच हवी होती. तू आली नाहीस तर हे दार बंद होईल, आणि मग नाटे गावापासून इथवर येणाऱ्या बायका जातील कुठे?

डॉक्टर होऊनही तू का येत नाहीस तेही मला माहीत आहे. सेकंड इयरला कँटीनमध्ये तूच सांगितलं होतंस. दातावरचा मळ दाखवायचं लाल औषध तू सुट्टीत आईच्या क्लिनिकच्या बेसिनमध्ये ओतलंस आणि मागच्या दाराने पळत खालच्या ओढ्यावर, पऱ्यावर गेलीस. थोड्या वेळात पाईपातून लाल पाणी पडायला लागलं. दगडांवरून, केवड्याखालून, खाडीकडे. तिथे खाली बायका मुळ्यांचे शिंपले वेचून ओट्यात भरत होत्या. दातातली जुनी चांदी कोरली की तिच्यातला पारा ह्याच वाटेने जातो असं तू ओरडून सांगितलंस, भरल्या क्लिनिकमध्ये, पेशंटांसमोर. आणि म्हणालीस, हे पाणी थांबेपर्यंत मी त्या खुर्चीला हात लावणार नाही.

तू हे सांगत होतीस आणि माझा चहा निवून गेला होता. बाकी काय झालं ते तुला ठाऊक आहे.

तर मी ते पाणी थांबवतो. मग तू ये. माझ्यासाठी नको, मॅडमसाठी ये.

स्वरूप


रत्नागिरी, २ सप्टेंबर

शमिका,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते वाचलंस असं मी धरून चालतो.

पाईपाचं काम मॅडमनी अजून करू दिलेलं नाही. "तू दातांचं शिकत होतास की गटाराचं?" असं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही एकमेकांना जोडलेली आहेत. त्यावर म्हणाल्या, "हे वाक्य तुझं नाही." तुझंच होतं. ओळखलं त्यांनी.

मग म्हटलं, जे हातात आहे त्यापासून सुरुवात करू. एक्स-रेची फिल्म धुवायचं औषध बंद केलं, आता फोटो कॉम्प्युटरवर येतो. बेसिनचा नळ दिवसभर वाहायचा, त्याला पायाने दाबायची चावी बसवली. सदू प्लंबर दोन तास ती चावी दाबून बघत बसला होता, खेळणं मिळाल्यासारखा. आणि प्लॅस्टिकचे ग्लास बंद केले. रोज संध्याकाळी एक मोठी पिशवी भरून निघायची, नुसत्या चुळांचे ग्लास! त्यांच्याजागी स्टीलची फुलपात्रं आणली. प्रत्येक पेशंटनंतर घासून, हत्यारांबरोबर वाफेच्या भांड्यात घालायची. त्या वाफेत जंतू काय, भूतसुद्धा जगायचं नाही.

फुलपात्रांसाठी कपाट रिकामं करताना मागच्या कोपऱ्यात एक छोटं फुलपात्र सापडलं. 'शमिका' असं नाव घातलेलं, खाली बारशाची तारीख. मॅडम म्हणाल्या, तू शाळेतून इथे यायचीस तेव्हा त्यातून पाणी प्यायचीस. मी ते जागचं हलवलं नाही.

मला वाटलं होतं लोक खूश होतील.

पहिल्याच दिवशी एका काकांनी फुलपात्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला आणि तोंड वर करून वरून चूळ भरायला गेले. भूल दिलेला ओठ, त्यात वरून धार. पाणी नाकात, शर्टात, माझ्या अंगावर. बाहेरचे लोक दार उघडून बघायला लागले. दुसऱ्या बाईंनी चूळ भरलीच नाही, रुमालात थुंकल्या. एकजण सरळ म्हणाला, "शेजारच्या डॉक्टरांकडे अजून नवीन ग्लास मिळतो." आणि गेला. मी प्रत्येकाला सांगून थकलो की हे उकळलेलं आहे, वाफवलेलं आहे. "ते खरं हो," असं म्हणायचे, आणि फुलपात्र खाली ठेवायचे.

हौसाबाईही गेल्या. त्या तुला माहीत आहेत, खाडीकडेच्या, मुळे आणि कालवं विकतात त्या. त्यांच्या दाढेतली जुनी चांदी काढून नवीन भरायची होती. काम अर्ध्यावर आलं होतं तेव्हा उठून गेल्या. इथले लोक हट्टी आहेत.

बरं. पूर्ण लिहितो, नाहीतर मॅडमकडून तुला कळेलच.

मी त्यांच्यापुढे फुलपात्र धरलं. त्या म्हणाल्या, "पोरा, ह्यात आदी कोन प्यायला?"

"कोणीपण प्यायला असेल, आता स्वच्छ आहे."

"तुजा सोच्छ तुला. मला नको. दुसऱ्याच्या तोंडचा मी काय लावायची नाय."

सकाळपासूनचा तो कितवा नकार होता कोण जाणे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दिवसभर माशाच्या पाटीत हात घालता आणि त्याच हाताने चहा पिता, तेव्हा घाण वाटत नाही?" मोठ्याने म्हटलं. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं.

हौसाबाईंनी गळ्यातला रुमाल सोडला. त्याची नीट घडी घातली आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवली. दाढ उघडीच होती. तशाच गेल्या.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "बाकीच्यांना परत पाठव. आज हा हात आता थांबायचा नाही."

स्वरूप


रत्नागिरी, १९ सप्टेंबर

शमिका,

हौसाबाईंच्या घरी जाऊन आलो. मॅडमनी औषधं बांधून दिली आणि म्हणाल्या, "तू नेऊन दे. सदूबरोबर पाठवायची नाहीत."

भर दुपार होती. खाडीच्या कडेने चालत गेलो, घसा कोरडा पडला होता. हौसाबाई पडवीत बसल्या होत्या. डावा गाल एवढा सुजलेला की डोळा बारीक झाला होता. मला बघून म्हणाल्या, "बस." सुनेने पाण्याची लोटी आणून दिली. मी ती उचलली आणि वरून धार धरून गटागटा प्यायलो. सवयीनं. आमच्या घरी आजीपासून सगळे असेच पितात.

हौसाबाई सुजल्या तोंडाने हसायला लागल्या. दुखतंय म्हणून गाल धरला तरी हसू थांबेना.

"काय रं पोरा, माजी लोटी उष्टी हाय?"

शमिका, माझ्या हातात ती लोटी होती आणि ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

मी माफी मागितली. तर म्हणाल्या, "घरात काय मागतोस? वरडलास चार मान्सांत, आता माफी पन चार मान्सांत माग."

गाल उतरल्यावर त्या आल्या. बाहेर पाच-सहा माणसं बसली होती. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "हौसाबाई, मी त्या दिवशी जे बोललो ते नीच होतं." माझे कान तापले होते. एक म्हातारा म्हणाला, "जोरात बोल, मला ऐकू येत नाही." मग पुन्हा म्हणावं लागलं.

त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पदराच्या गाठीतून स्वतःचं फुलपात्र काढलं. लग्नातलं. 'सौ. हौसा' असं नाव घातलेलं, मधे चेपलेलं. ते बेसिनवर ठेवून म्हणाल्या, "ह्यात घाल पानी. ह्यात माज्याबिगर कोन प्यालेला नाय."

बस, एवढंच होतं ते. मी इकडून तिकडून सगळं वाचलं होतं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं.

आता दाराबाहेर मॅडमच्या अक्षरात पाटी आहे: 'दाखवायला येताना आपले फुलपात्र घेऊन यावे.' आणि लोक आणतात! पिशवीत, रुमालात, डब्याच्या झाकणाखाली. काल एका मुलाच्या फुलपात्रावर 'चि. नम्रताच्या विवाहानिमित्त' होतं. सगळे त्याला छळत होते, "नम्रताला सासरी काय ओंजळीने पाणी पाजतोस?" शेजारच्या डॉक्टरांकडे गेलेले तेही परत आले. चूळ भरून झाली की भांडं घरी जातं, टाकायला काही उरत नाही.

मुख्य सांगायचं राहिलं. हौसाबाईंची निम्मी चांदी अजून दाढेत आहे. मॅडमनी मशीन हातात घेतलं, सकाळ होती, हात शांत होता. दाढेला टेकवलं आणि परत वर घेतलं. कितीतरी वेळ त्या नुसत्या बेसिनच्या भोकाकडे बघत होत्या. मग तात्पुरतं सिमेंट भरलं आणि म्हणाल्या, "हौसा, बाकीचं नंतर. तुझ्या तोंडातलं तुझ्याच खाडीत मी आता सोडणार नाही."

पेशंट गेल्यावर मी भांडी घासत होतो. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हौसा अधूनमधून मुळे आणून द्यायची. मी खाल्ले. शमिकाला भरवले." मग म्हणाल्या, "ती त्या दिवशी बरोबर बोलत होती. म्हणूनच मला इतका राग आला."

हे त्यांनी तुला कधी सांगितलं नसणार. म्हणून लिहितोय.

आणखी एक. मी म्हटलं, मॅडम, शमिकाबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहिलंय... तर मधेच म्हणाल्या, "कॉलेजात तिच्यावरून मारामारी करून काच फोडणारा तूच ना? पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मी विचारलं, मग मला ठेवलंत कशाला? म्हणाल्या, "ती म्हणाली होती, मुलगा वाईट नाही, पण जवळ असला की श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. म्हटलं बघू तरी, किती जागा अडवतो."



स्वरूप


रत्नागिरी, २० ऑक्टोबर

शमिका,

आज लिहिलेलं हे दुसरं पत्र आहे. पहिलं फाडलं. ते वाचलं असतंस तर तुझी माझ्याबद्दलची सगळी मतं खरी ठरली असती.

पाणी थांबलं.

खुर्चीखाली आता एक बंद डबा बसवला आहे. तोंडातलं पाणी त्यातून जातं, चांदीचा आणि पाऱ्याचा गाळ तळाला राहतो. डबा भरला की सील करायचा, घातक कचरा नेणारी गाडी येऊन घेऊन जाते. पुढचं पाणीही पऱ्यात जात नाही. सदूने नवीन पाईप टाकून ते सांडपाण्याच्या टाकीला जोडलं. मधे मी एक घोळ घातला. सदू दोन दिवस आला नाही म्हणून चिडून जुन्या पाईपाचं तोंड मीच सिमेंटने बुजवलं, नवीन जोडणी व्हायच्या आधी. सकाळी क्लिनिकमध्ये घोट्यापर्यंत पाणी. सदू दारात उभा राहून म्हणाला, "आता होडी बोलवू की पंप?" मॅडमनी माझ्या हातात खराटा दिला. नवीन चांदी त्या आता कोणाच्याच दातात भरत नाहीत. पांढरंच भरतात.

मग लाल औषधाची बाटली मॅडमनी स्वतः कपाटातून काढली. मी सुचवलं नव्हतं. हौसाबाईंना खाली पऱ्यात उभं केलं, लुगडं खोचून. मी मागच्या दारात. मॅडमनी बेसिनमध्ये औषध ओतलं. दुपार झाली होती, हात थरथरत होता, निम्मं त्यांच्या पांढऱ्या कोटावर सांडलं.

"हौसा, लाल आलं?"

"नाय!"

"नीट बघ गं."

"अवो नाय म्हनते ना! हितं खेकडा तेवडा लाल हाय!"

मॅडम खुर्चीत बसल्या, पेशंटच्या खुर्चीत, आणि कोटावरचा लाल डाग बोटाने चोळत राहिल्या. डोळे भरले होते का ते मी पाहिलं नाही. मी तोंड फिरवलं होतं.

मग त्यांनी तुला फोन लावला. आतल्या खोलीत जाऊन. हात थरथरतो ते तुला आधीच माहीत आहे हे त्यांना तेव्हाच कळलं असणार, कारण बाहेर आल्या त्या पहिलं हेच म्हणाल्या, "शपथ घातली होती ना तुला?" पण रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "येते म्हणाली. दिवाळीनंतर. कायमची."

शमिका, मी टेबलावर मूठ आपटली. आनंदाने. हत्यारांचा ट्रे उडाला.

मॅडम तो ट्रे सरळ करत राहिल्या. एकेक चिमटा जागेवर ठेवत. मी म्हटलं, मॅडम, आणखी काय म्हणाली?

"तू अजून इथे आहेस का ते विचारलं."

"मग?"

"आहे म्हटलं." त्यांनी शेवटचा चिमटा ठेवला. "म्हणाली, आई, त्याने केलं ते खरंच चांगलं केलं. पण त्या खुर्चीशी मी उभी राहीन आणि प्रत्येक वेळी नळ सोडताना मला वाटेल, हे माझ्यासाठी केलंय. मला असं जगता येणार नाही."

मी भांडलो. मॅडमशी भांडलो! म्हटलं, हे काय, मी एवढं केलं... मॅडमनी मधे तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तू पाईप कोणासाठी वळवलास?"

मी उत्तर देणार होतो. मागच्या दारातून हौसाबाई आत आल्या, ओल्या पायांनी, ओंजळीत तो लाल खेकडा घेऊन. मॅडमना दाखवायला आणला होता.

फाडलेल्या पत्रात ते उत्तर होतं. पानभर 'मी' आणि 'माझ्यामुळे'.

स्वरूप


रत्नागिरी, ९ नोव्हेंबर

शमिका,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. क्लिनिकच्या टेबलावर ठेवून जातोय. तू आलीस की मिळेल. ह्यानंतर माझं पत्र येणार नाही.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम मिळालं आहे, सांडपाणी साफ करतात त्या विभागात. चिपळूणहून कंपनीची बस असते, अलोऱ्याहून जाऊन येऊन करीन. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, पाण्यातला गाळ अडवण्याचा अनुभव आहे का? मी म्हटलं, लहानसा आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "डबा किती वाजता भरायचा?" तीन वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कॉलेजचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

कामाचं सांगतो. खुर्चीखालच्या डब्यावर खूण आहे, गाळ तिथवर आला की बदल. सक्शनच्या नळीत ब्लीच ओतू नकोस, ब्लीचने गाळातला पारा सुटून पाण्याबरोबर पुढे जातो. सगळे ओततात, नवीन मदतनीस ठेवलीस तर तिला आधी हे सांग. टाकीचा व्हॉल्व्ह सदूला माहीत आहे. तो एकदा बोलावून येत नाही, दोनदा सांगितल्यावर येतो. ओरडू नकोस, उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय.

मॅडमना दुपारी काम देऊ नकोस. त्या मागतील.

हौसाबाईंची निम्मी चांदी तशीच आहे. मॅडम म्हणाल्या, "ती माझ्या लेकीच्या हातची." सकाळी लवकर येतील, ओहोटीची वेळ बघून. फुलपात्र त्यांचं त्या आणतील.

आणि तुझं. कपाटात मागच्या कोपऱ्यात होतं ते मी घासून, वाफवून, पुढच्या फळीवर ठेवलं आहे. ते जागचं हलवलं नाही असं मी लिहिलं होतं. ते पुढे खोटं ठरलं. लाल पाणी आलं नाही त्या संध्याकाळी, मॅडम घरी गेल्यावर, मी त्यात पाणी घेतलं आणि प्यायलो. एकदाच.

वरून प्यायलो. ओठ लावले नाहीत.

स्वरूप